डिस्टॉर्शन गिटार रेकॉर्ड केली की किरकिरी आणि पातळ का वाजते? (घरगुती सेटअप, जळगाव)

केळीबाग (जळगाव)

राम राम मंडळी. आम्ही चौघं अहिराणी गाण्यांना इलेक्ट्रिक गिटारची जोड देऊन वाजवतो. कानबाईच्या गाण्यांच्या वळणाचं एक स्वतःचं गाणं बसवलंय आणि ते श्रावणाच्या आत रेकॉर्ड करून टाकायचंय. संबळ आणि गाणाऱ्याचा आवाज बरा येतोय. गिटारने मात्र डोकं फिरवलंय.

सरावाच्या खोलीत हाच पेडल, हीच गिटार अँपवर लावली की छातीत धडकते. घरी रेकॉर्ड केली की हेडफोनमध्ये गांधीलमाश्यांचं पोळं उठल्यासारखं वाटतं. नुसती चरचर, खालचा दम गायब. गेन (सिग्नल किती फुगवायचा ते बटण) वाढवला की अजूनच वाईट. वर दोन सुरांच्या मध्ये हात थांबवला की घूंऽऽ असा आवाज.

सेटअप: दोन हंबकरची (तारांचा आवाज पकडणाऱ्या पिकअपचा एक प्रकार) गिटार, एक साधा डिस्टॉर्शन पेडल, दोन इनपुटचा यूएसबी इंटरफेस (गिटारचा सिग्नल लॅपटॉपमध्ये नेणारा डबा), लॅपटॉप, रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. घर भाड्याचं, मालक खालीच राहतात, त्यामुळे अँप उघडून वाजवणं शक्य नाही. बजेट शून्याच्या आसपास. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

रात्रपाळी (मूळ शिरपूर, सध्या पुणे)

आधी एकच सांगा. पेडलमधून निघालेली वायर थेट इंटरफेसमध्ये जाते का? मध्ये कॅब (स्पीकरची पेटी) सिम्युलेशन, आयआर, असलं काही आहे का?

केळीबाग (जळगाव)

थेट जाते ताई. मध्ये काहीच नाही. आयआर म्हणजे काय तेही ऐकूनच माहीत आहे.

रात्रपाळी (मूळ शिरपूर, सध्या पुणे)

मग पेडल बदलू नका, गिटार बदलू नका. तुमच्या साखळीत स्पीकरच नाहीये.

गिटार अँपचा १२ इंची स्पीकर हा घरातल्या म्युझिक सिस्टीमसारखा सगळे सूर सारखे वाजवत नाही. साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर त्याचा आवाज झपाट्याने उतरतो. डिस्टॉर्शन म्हणजे सिग्नलची टोकं छाटणं. टोकं छाटली की मूळ सुराच्या वर हार्मोनिक्सची (त्याच्या पटीतल्या सुरांची) रांग लागते, ती पार १०-१५ किलोहर्ट्झपर्यंत जाते. अँपवर वाजवताना ही वरची घाण स्पीकर स्वतःच गिळतो, म्हणून ती तुम्हाला कधी ऐकूच आली नाही. इंटरफेस आणि हेडफोन मात्र ती जशीच्या तशी कानात ओततात. जगातला सगळ्यात महागडा अँप स्पीकर न लावता थेट रेकॉर्ड केला तरी तो असाच चावेल.

आयआर म्हणजे इम्पल्स रिस्पॉन्स. एखादा कॅब, त्यातला स्पीकर, त्याच्यापुढे ठेवलेला माइक, या तिघांनी मिळून आवाजावर जो परिणाम होतो त्याची अगदी छोटी वेव्ह फाइल. सेकंदाचा काही भाग फक्त. आयआर लोडर फुकट मिळतात, आयआरही ढिगाने फुकट मिळतात. सुरुवातीला सेलेशनच्या व्हिंटेज ३० स्पीकरचा, एसएम५७ माइकने घेतलेला कुठलाही एक आयआर उचला. व्हिंटेज ३० हा १९८६ पासूनचा स्पीकर आहे, गेल्या तीस-चाळीस वर्षांतल्या जड गिटारींपैकी कितीतरी त्याच्यातूनच आल्या आहेत.

एक ताकीद. शेकडो आयआर उतरवून घेऊन रात्रभर चाळत बसू नका. तिसऱ्या-चौथ्यानंतर कान निकामी होतात. दोन निवडा, बाकी फोल्डर बंद करा.

तापीकाठ (भुसावळ)

चर्चा वाचून मजा वाटली. आमच्या वेळी फाइली नव्हत्या. अँप, त्याच्यापुढे माइक, संपलं. मी अजूनही तसंच करतो. स्पीकरने हवा ढकलली पाहिजे राव, फाइल कुठे हवा ढकलते?

ज्यांच्याकडे अँप आहे त्यांच्यासाठी लिहितो. शुअरचा एसएम५७ हा १९६५ साली आलेला साधा डायनॅमिक माइक अजूनही पुरेसा आहे. अँपच्या जाळीला जवळजवळ टेकवा. बॅटरीच्या उजेडात जाळीतून बघा, स्पीकरच्या मधोमध गोल टोपी दिसेल. माइक टोपीच्या बरोबर मध्यावर रोखला तर आवाज टोकदार, कडेला शंकूकडे सरकवला तर जाड आणि मऊ. टोपी आणि शंकू जिथे जुळतात तिथून सुरुवात करा. मग एकाने वाजवावं आणि दुसऱ्याने कानावर हेडफोन लावून माइक बोटभर-बोटभर सरकवावा. ट्रेबलचं बटण पूर्ण फिरवून जेवढा फरक पडतो त्याहून जास्त फरक बोटभर सरकवण्यात पडतो. इक्वलायझर नंतर. आधी माइक.

दोन माइक लावायची हौस असेल तर दोघांची जाळी स्पीकरपासून सारख्याच अंतरावर ठेवा. आवाज एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर जातो, त्यामुळे दोनचार सेंटिमीटरचा फरकसुद्धा काही सूर खाऊन टाकतो. स्वीडनमध्ये गोथेनबर्गला फ्रेडमन स्टुडिओ आहे. तिथली पद्धत अशी की एक एसएम५७ सरळ आणि दुसरा त्याला खेटून तिरका. ती करून पाहण्यासारखी आहे.

माझी अडचण वेगळीच. घर रुळांपासून जवळ. चांगला टेक जमत आला की कुठल्यातरी मालगाडीचा भोंगा.

रात्रपाळी (मूळ शिरपूर, सध्या पुणे)

काका, भांडण नाहीच. तुम्ही जे बोटभर सरकवता तेच कुणीतरी आधी सरकवून ठेवलंय आणि त्याची फाइल केलीय. म्हणूनच एकाच कॅबचे वीस-वीस आयआर असतात, 'मध्य', 'कड', 'शंकू' अशा नावांचे. तुमची माइकची नोंद वाचून केळीबाग यांना आता त्यातला कुठला उचलायचा हे कळेल. आणि त्यांच्या घरमालकांना तुमचा अँप ऐकवणं परवडणार नाही :)

तापीकाठ (भुसावळ)

ते मान्य. हलके घ्या.

वायरमन (धुळे)

'घूंऽऽ'बद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. गिटार मला ओ की ठो येत नाही, मुलगा वाजवतो. वायरिंग मात्र पोटापाण्याचं काम आहे.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे गुणगुण ५० आणि त्याच्या पटीत येते, १००, १५०, असं वर वर. हाय गेन म्हणजे बारीक आवाजही कित्येक पटींनी मोठा करणं, त्यात ही गुणगुणही मोठी होते. फिल्टर लावून ती निघत नाही, कारण मुलाने मला ट्यूनरवर दाखवलं, सहाव्या तारेवर तिसऱ्या पडद्याचा सूर ९८ हर्ट्झ आहे. १०० कापायला गेलात तर तो सूरही जाईल. म्हणून मुळापाशीच बघायचं.

पहिली गोष्ट, अर्थिंग. जुन्या घरांत, खेड्यांत तर सर्रास, तीन पिनच्या सॉकेटमध्ये तिसरं भोक नुसतं शोभेला असतं, आत वायरच नसते. मीटरपाशी न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात व्होल्टेज मोजून घ्या, दोन-तीन व्होल्टच्या आत असलं पाहिजे. जास्त असेल तर अर्थिंगचा खड्डा सुकलेला असतो. आपल्या उन्हाळ्यात हे हटकून होतं. कोळसा-मिठाच्या खड्ड्यात पाणी ओतायला सांगा, आधी आणि नंतर मोजा.

दुसरी, लॅपटॉपचा चार्जर. दोन पिनचा असेल तर आवाज तिथूनच येत असण्याची शक्यता मोठी. चार्जर काढून बॅटरीवर एक टेक घ्या. आवाज गेला तर चोर सापडला.

तिसरी, पंख्याचा रेग्युलेटर. गोल फिरणारा, हवा तेवढा कमीजास्त करता येणारा जो इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर असतो, तो विजेची लाट मधेच कापून पंखा हळू करतो. ते कापणं पिकअपला ऐकू येतं, टर्रर्र असं. खटक्या-खटक्यांनी फिरणारा, आत कपॅसिटर असलेला रेग्युलेटर लाट कापत नाही. तो बसवून घ्या, फार महाग नाही. तोवर रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा पूर्ण वेगात ठेवा. बंद ठेवा असं मे महिन्यात जळगावकराला सांगायची माझी हिंमत नाही. स्वस्त एलईडी बल्ब आणि चौकोनी लाटेचा जुना इन्व्हर्टर यांचंही तसंच. लोडशेडिंगमध्ये अशा इन्व्हर्टरवर रेकॉर्डिंग करू नका.

तारांना हात लावल्यावर घूं कमी होत असेल तर गिटारचं आतलं ग्राउंडिंग ठीक आहे, घाबरायचं कारण नाही. पण तारांना हात लावताना झिणझिण आली, किंवा माइकला ओठ लागला आणि चटका बसला, तर त्या क्षणी वाजवणं थांबवा. लाइनमध्ये दोष आहे. आणि गुणगुण जाते म्हणून प्लगची अर्थ पिन तोडायचा सल्ला काही वादक देतात, तो कधीही ऐकू नका. २३० व्होल्ट आहेत ते. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) घरात नसेल तर गिटारच्या आधी तो घ्या.

पांझराकाठ (धुळे)

वायरमनकाका, +१. रेग्युलेटरचं वाचून आत्ता उठून पंखा पूर्ण केला. टर्रर्र गेलं! इतके महिने पिकअपला शिव्या देत होतो. वाचनखूण साठवली आहे.

अवांतर: गिटारवादक एडी व्हॅन हेलन त्याच्या मार्शल अँपला व्हेरिअॅक (व्होल्टेज कमीजास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) लावून मुद्दाम व्होल्टेज उतरवायचा, तो प्रसिद्ध टोन त्यातून आला म्हणतात. आमच्या गावाकडे संध्याकाळी शेतातले पंप सुरू झाले की व्होल्टेज आपोआप उतरतं. टोन काही येत नाही.

वायरमन (धुळे)

:) ट्यूब अँप कुणाकडे असेल तर हे प्रयोग करू नका. त्याच्या आत प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठून राहतात.

केळीबाग (जळगाव)

सगळ्यांचे मनापासून आभार. चार्जर काढला, घूं निम्म्याहून कमी झाली. मीटरपाशी सोमवारी माणूस बोलावलाय.

आयआर लावला आणि माश्या उडाल्या! 'कड' नावाचा घेतला, काकांच्या सांगण्यावरून. आता गिटार गिटारसारखी वाजतेय. पण दम अजून नाही. एकटी ऐकली तर ठीक, बाकीची वाद्यं लावली की चिखल. पाम म्यूट (तळहात तारांवर टेकवून मारणं) केल्यावर 'जुग जुग' यायला हवं तिथे 'भुस भुस' येतं. गेन ८ वर आहे, बास ७, मिड ३, ट्रेबल ७. सरावाला हेच सेटिंग असतं.

रात्रपाळी (मूळ शिरपूर, सध्या पुणे)

या एका ओळीत सगळं आलं. आता सविस्तर लिहिते, चहा घेऊन बसा.

गेन निम्मा करा. ८ वरून ४-५. वाजवताना हात थोडा उघडा पडेल, नोट लवकर मरतेय असं वाटेल, वाटू द्या. गेन जितका जास्त तितका सिग्नल दाबला जातो, आणि दाबला गेला की पिकने तारेवर मारलेला पहिला ठोका नाहीसा होतो. तुमचं 'भुस भुस' तिथून येतं. जड वाटणाऱ्या रेकॉर्डमधली एकेक गिटार सुटी करून ऐकली तर ती आश्चर्य वाटेल इतकी स्वच्छ असते. जाडी गेनने येत नाही, एकच भाग दोनदा वाजवल्याने येते. तोच रिफ (परत परत येणारा गिटारचा तुकडा) सुरुवातीपासून शेवटपर्यंत पुन्हा वाजवायचा, एक टेक पूर्ण डावीकडे पॅन (म्हणजे डाव्या स्पीकरला), दुसरा पूर्ण उजवीकडे. दोन्हीत गेन कमी असल्यामुळेच ते मिसळून चिखल होत नाही. प्रत्येकी ८ चा गेन दोनदा लावलात तर गुणगुणही दुप्पट आणि ठोकाही गायब.

मिड ३ का? खोलीत एकटं वाजवताना मिड काढलेला आवाज भारी वाटतो, कारण कान बास आणि ट्रेबलला भुलतात. बँडमध्ये मात्र खाली बास गिटार आणि ढोल बसलेत, वर झांजा बसल्यात. गिटारचं घर मधलं आहे. तेच तुम्ही रिकामं केलंत तर ती राहणार कुठे? मिड ६, बास ४, ट्रेबल ५ वर आणा. एकटी ऐकल्यावर नाकातून बोलतेय असं वाटेल. सगळ्यांबरोबर ऐका.

बास कमी करायला भीती वाटते हे मला माहीत आहे. गिटारची सहावी मोकळी तार ८२ हर्ट्झ, बास गिटारची चौथी ४१. 'जड गिटार' म्हणून आपण जे ऐकतो त्यातला खालचा अर्धा भाग बास गिटारचा असतो, ती त्याच रिफला चिकटून वाजत असते म्हणून वेगळी कळत नाही. तुमच्या बासवाल्याला रिफ नोट-टू-नोट वाजवायला सांगा आणि त्याच्या ट्रॅकवर थोडंसं डिस्टॉर्शन चढवा. गिटारच्या ट्रॅकवर ८०-१०० हर्ट्झखालचं सगळं हाय-पास फिल्टरने कापा. वर ८-१० किलोहर्ट्झला लो-पास. पाम म्यूटला १०० ते २०० हर्ट्झमध्ये जो फुगवटा येतो त्याला सरसकट कापू नका, मल्टिबँड कॉम्प्रेसर (ठरावीक पट्टा जोरात आला की तेवढाच दाबणारं साधन) फक्त त्या पट्ट्यावर लावा, म्हणजे म्यूट केल्यावरच तो दाबेल आणि मोकळ्या कॉर्डला हात लावणार नाही.

आणखी एक जुनी युक्ती. ट्यूब स्क्रीमर जातीचा हिरवा ओव्हरड्राइव्ह पेडल (मूळचा आयबनेझचा, पण त्याच्या नकला सगळीकडे मिळतात, लॅपटॉपवर चालणारं प्लगइन तर फुकट) हाय गेन अँपच्या आधी लावायचा. ड्राइव्ह शून्यावर, लेव्हल पूर्ण, टोन मध्यावर. तो इथे डिस्टॉर्शनसाठी नसतोच. अँपमध्ये जाण्याआधी तो खालचा बास कापतो आणि ७०० हर्ट्झच्या आसपास फुगवतो. छाटणीच्या आधी बास कमी झाला की छाटणी घट्ट होते. नंतर इक्वलायझरने बास कापून हा परिणाम मिळत नाही, कारण तोवर बासने बाकीचं सगळं गढूळ करून झालेलं असतं. डिस्टॉर्शनच्या आधीचा इक्वलायझर आणि नंतरचा इक्वलायझर ही दोन वेगवेगळी हत्यारं आहेत. मला विचाराल तर आधीचं जास्त कामाचं.

पांझराकाठ (धुळे)

ताई, अडाणी प्रश्न. दोनदा वाजवण्यापेक्षा एकच टेक कॉपी करून दुसऱ्या बाजूला पेस्ट केला तर? रिफ तोच आहे ना.

रात्रपाळी (मूळ शिरपूर, सध्या पुणे)

प्रश्न अडाणी नाही, सगळे आधी तेच करतात. दोन्ही बाजूंना हुबेहूब तोच आवाज असेल तर कानाला तो मधोमधच ऐकू येतो, फक्त मोठा. रुंदी येते ती दोन टेकमधल्या सूक्ष्म फरकांमुळे. मग लोक कॉपी १५-२० मिलिसेकंद मागे सरकवतात. हेडफोनवर छान रुंद वाटतं, पण गाणं एका स्पीकरच्या मोबाइलवर वाजलं की दोन्ही बाजू एकत्र येतात आणि एकमेकींचे सूर खातात. गिटार पोकळ, डब्यातली. तुमचं गाणं जास्त करून मोबाइलवरच ऐकलं जाणार आहे. तेव्हा दोनदाच वाजवा. दुसऱ्या टेकला दुसरी गिटार किंवा दुसरा आयआर वापरता आला तर सोन्याहून पिवळं.

चारचार ट्रॅक करायचा मोह आवरा. हात पक्का नसेल तर चार टेकमध्ये ठोके फाकतात आणि सगळं मऊ पडतं.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

भो, माले बी असाच तरास व्हता. बठ्ठं फुकटमा व्हयी जास, पैसा घालू नको. आते मराठीत लिहितो, नहीतर बाकीनास्ले समजाव नही.

पेडल काढून टाक. गिटार थेट इंटरफेसमध्ये लाव, पण 'इन्स्ट' किंवा 'हाय-झी' लिहिलेलं बटण दाबून. गिटारच्या पिकअपला साधारण १ मेगाओहमचा इनपुट लागतो, लाइन इनपुटला लावली तर ट्रेबल मरतो आणि आवाज झोपतो. इनपुटचा गेन एवढाच ठेव की सगळ्यात जोरात मारलं तरी मीटर उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही. लाल दिवा लागला की तो टेक फुकट, तिथली छाटणी अँपची नसते, ती काही करून सुंदर होत नाही. २४ बिटला रेकॉर्ड कर, लेव्हल कमी वाटली तरी नुकसान नाही.

मग न्यूरल अँप मॉडेलर घे, लोक त्याला नॅम म्हणतात. स्टीव्हन अॅटकिन्सन याने केलेलं, ओपन सोर्स, पूर्ण मोफत. खऱ्या अँपमध्ये एक ठरावीक सिग्नल सोडतात, बाहेर काय येतं ते रेकॉर्ड करतात, आणि दोन्हींच्या फरकावरून न्यूरल नेटवर्क त्या अँपची वागणूक शिकतं. लोकांनी हजारो अँपांच्या अशा फाइली करून ठेवल्यात. फक्त बघून घे, फाइल नुसत्या अँपची आहे की कॅबसकट. कॅबसकट असेल तर वरून परत आयआर लावू नको, दोन स्पीकर एकातून एक वाजल्यासारखं होतं आणि गिटार घोंगडीखाली जाते.

नॅमला आत येणारी लेव्हल फार महत्त्वाची. तीच फाइल, इनपुट ६ डेसिबलने वाढवला तर गेन वाढल्यासारखं वाजतं. फाइल भंगार आहे असं ठरवायच्या आधी इनपुटचं बटण फिरवून बघ.

बफर (लॅपटॉप एका वेळी किती आवाज साठवून पुढे सोडतो ते सेटिंग) १२८ ठेवला तर ४८ किलोहर्ट्झला एका बाजूने २.७ मिलिसेकंद उशीर होतो, हाताला कळत नाही. लॅपटॉप तडतडायला लागला तर २५६ कर. मिक्स करताना मोठा केलास तरी चालतो, तेव्हा कुणी वाजवत नसतं.

सगळ्यात मोठा फायदा असा की कोरी गिटार रेकॉर्ड झालेली असते. उद्या टोन आवडला नाही तर फक्त फाइल बदल, पुन्हा वाजवायला नको.

तापीकाठ (भुसावळ)

गिरणाकाठचं शेवटचं वाक्य धोक्याचं आहे. 'नंतर बघू' म्हटलं की माणूस वाजवताना ऐकत नाही. आवाज कसा येतोय त्यावर हात बदलतो. कमी गेनवर पिक जोरात मारावा लागतो, जास्त गेनवर हलका. म्हणून फाइल काय वापरायची ती वापरा, पण वाजवताना कानात शेवटचा ठरलेलाच टोन पाहिजे. कोरी गिटार मागे साठवून ठेवा, विमा म्हणून.

आणि इतकी चर्चा झाली, तारांचं कुणी नाव काढलं नाही. जुन्या तारांवर गेन चढवला की पाम म्यूट मेलेलाच येणार. रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी नव्या तारा चढवा, ताणून घ्या. आपल्याकडे कूलरसमोर बसून वाजवायची सवय आहे. कूलरच्या दमट हवेत तारा लवकर गंजतात, आणि गार झोतातून उन्हाळी खोलीत सरकलात की ट्यूनिंग सरकतं. डिस्टॉर्शनमध्ये बेसूर जास्त टोचतं, कारण दोन सूर एकमेकांत मिसळून नवे सूर तयार होतात. साध्या आवाजात चालून जाणारा बारीक फरक पॉवर कॉर्डमध्ये लाटांसारखा डुलतो. प्रत्येक टेकच्या आधी ट्यूनर. बाराव्या पडद्यावर ट्यूनर लावून इंटोनेशनही (वरच्या पडद्यांवर सूर बरोबर लागतो का ते) बघा.

जाड पिक घ्या, १ मिलिमीटर किंवा वर. खाली-खाली-खाली मारा, खाली-वर नको. दोन टेक तंतोतंत जुळले नाहीत तर कुठलाही अँप वाचवणार नाही.

रात्रपाळी (मूळ शिरपूर, सध्या पुणे)

काकांशी शंभर टक्के सहमत. हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवा कुणीतरी.

सातपुडा (नंदुरबार)

थोडं धाग्याला सोडून. गंमत अशी की हा अख्खा आवाजच बिघाडातून आलाय. १९६०-६१ च्या सुमारास अमेरिकेत नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत ग्रेडी मार्टिन हा वादक वाजवत असताना मिक्सरचा एक चॅनल बिघडला आणि फाटका आवाज रेकॉर्ड झाला. तो लोकांना आवडला म्हणून १९६२ मध्ये माएस्ट्रो फझ-टोन हा पेडल बाजारात आला. १९६४ मध्ये किंक्स या बँडच्या डेव्ह डेव्हिसने तर ब्लेडने स्पीकरचा पडदाच चिरला.

आमच्याकडे लग्नाच्या मिरवणुकीत फाटक्या भोंग्यावर वाजणारं गाणं ऐकलंत तर हाच टोन आहे, फक्त त्याला कुणी टोन म्हणत नाही.

केळीबाग (जळगाव)

पुन्हा हजर. नॅम लावलं, गेन ४, मिड ६, समोर फुकटचा हिरवा पेडल, डावी-उजवी दोन टेक. बासवाल्याला रिफ शिकवला. काय सांगू, मालक वर येऊन विचारून गेले, काय लावलंय म्हणून. (चांगल्या अर्थाने.)

आता नवीन त्रास. गिटार भारी झाली तर गाणाऱ्याचे शब्द कळेनात. अहिराणी शब्द आहेत, ते कळले नाहीत तर गाण्याला अर्थ नाही. संबळही मागे गेला. गिटार कमी केली की दम जातो, वाढवली की शब्द जातात.

रात्रपाळी (मूळ शिरपूर, सध्या पुणे)

डिस्टॉर्शन गिटार आणि शब्दांची स्पष्टता दोघंही २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये भांडतात. गिटारच्या दोन्ही ट्रॅकवर तिथे दोन-तीन डेसिबलचा उथळ खड्डा करा. किंवा डायनॅमिक इक्वलायझर लावा, गाणारा गातो तेवढाच वेळ तो खड्डा पडेल. गिटार डावी-उजवी आहे म्हणून मधली जागा आधीच रिकामी आहे, तिथे फक्त आवाज, बास आणि संबळ ठेवा.

पण खरं सांगू का, हे मिक्सिंगने सोडवण्याआधी मांडणीने सोडवा. कडवं चालू असताना दोन्ही गिटारी पूर्ण कॉर्ड का वाजवताहेत? कडव्यात पाम म्यूट, ध्रुपदाला मोकळे कॉर्ड. संबळाचा बोल जिथे भरगच्च आहे तिथे रिफमध्ये श्वास सोडा. दम कायम चालू असला की तो दम वाटत नाही.

आणि तुलना करताना आवाज सारखा ठेवा. आवडत्या रेकॉर्डशी आपलं मिक्स ताडून बघताना ती रेकॉर्ड मास्टर झालेली असते, म्हणजे मोठी. मोठं ते चांगलं असं कानाला वाटतंच. तिचा आवाज खाली ओढून तुमच्या पातळीवर आणा, मग बोला. हळू आवाजात ऐका. हळू आवाजात गिटार कळली आणि शब्दही कळले तर काम झालं.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

मिक्स झालं की रिक्षात लावून बघ भो. रिक्षातल्या स्पीकरवर शब्द कळले तर कुठंबी कळतीन.

केळीबाग (जळगाव)

रिक्षावाला मित्र आहेच, उद्याच बघतो.

शेवटचं एक. गाणाऱ्याला मूळ पट्टी उंच पडतेय, म्हणून सगळं ड्रॉप सी मध्ये (सगळ्या तारा उतरवून, सहावी 'सी' सुरापर्यंत खाली) नेऊ म्हणतोय. गिटारवर १०-४६ जाडीच्या तारा आहेत. सहावी इतकी ढिली पडते की जोरात मारली तर सूर आधी वर जातो आणि मग खाली येतो. चालेल का?

तापीकाठ (भुसावळ)

नाही चालणार. तो वर-खाली जाणारा सूर डबल ट्रॅकमध्ये दोन्ही बाजूंना वेगवेगळा ऐकू येईल. ११-५६ किंवा १२-५६ चा सेट घ्या. जाड तार नटच्या (मानेच्या टोकाच्या पट्टीच्या) खाचेत बसते का बघा, अडकत असेल तर कारागिराकडून खाच रुंद करून घ्या, घरी कानशीने घासू नका. मान वाकली तर ट्रस रॉड (मानेतली सळई) पाव फेऱ्याने, त्याहून जास्त एका वेळी नको. इंटोनेशन नव्याने.

रात्रपाळी (मूळ शिरपूर, सध्या पुणे)

आणि ड्रॉप सी ची सहावी ६५ हर्ट्झ आहे, पण म्हणून हाय-पास खाली आणू नका. ८० च्या आसपासच राहू द्या. १३० चा दुसरा हार्मोनिक गिटारला पुरतो, ६५ बासवाल्याला द्या. त्यालाही जाड तारा लागतील, आधी त्याला विचारा.